साक्षीदार सून

लढाई शुक्रवारी लागली आणि भाऊरावांना शनिवारी शिट्टी मिळाली.

शिट्टीबरोबर दंडाला बांधायची पांढरी पट्टी, एक वही आणि काळा रंग भरलेला डबाही मिळाला. जबलपूरच्या कडेला, रिछाईच्या पलीकडची ती चाळीस घरांची वस्ती. तिच्यात लिहिता येणारा आणि दिवसभर घरी असणारा माणूस एकच होता. बाकी ज्यांना लिहिता येत होतं ते सगळे लष्करी सामानाच्या फॅक्टरीत बारा-बारा तासांची पाळी करत होते. भाऊरावांचा मुलगा मुरलीधरही त्यातच. भाऊराव स्वतः तीस वर्षं तिथल्याच एका फाटकावर पहारेकरी होते. तीस वर्षांत आपल्या फाटकातून एक खिळा चोरीला गेला नाही, असं ते सांगत. फाटकाशेजारची भिंत पडलेली होती, हे सांगत नसत. रिटायर झाल्यावर त्यांनी अडीच एकराचा तुकडा घेतला, त्यात वाटाणा लावायला सुरुवात केली आणि वाटाण्यावर पहारा ठेवला. पण वाटाणा काही पळून जात नाही. तेव्हा शिट्टी मिळाली ते बरंच झालं.

रात्री अंधार पाळला जातो का ते पाहायला नेमलेल्या सगळ्या वॉर्डनांना साहेबाने उभं करून समजावलं होतं. भोंगा वाजला की उजेड दिसायचा नाही. खिडक्यांना काळे कागद, मोटारीच्या दिव्यांचा वरचा अर्धा भाग काळा. वरून काही चमकताना दिसलं की वैरी बॉम्ब टाकणार. भाऊरावांनी सगळं ऐकलं आणि घरी येताना त्यातला एकच शब्द बरोबर आणला. चमकताना.

दिवस मावळेपर्यंत वस्तीत चमकणारं काही उरलं नाही. कंदिलांच्या काचा काळ्या झाल्या. बायकोचं, राधाबाईंचं, माहेरचं पितळेचं घंगाळ काळं झालं. पोळ्याला बैलांच्या शिंगांना लावलेली बेगड अजून शिल्लक होती, तिच्यावर रंग बसला. शेवटी भाऊरावांनी आरशात पाहिलं, कंदिलाच्या काचेतली काजळी बोटावर घेतली आणि स्वतःच्या पांढऱ्या झुबकेदार मिशीला लावली.

"तुमची मिशी काय इमानातून दिसून राहिली?" राधाबाईंनी विचारलं.

"पांढरं चमकते."

"मंग दातही रंगवा."

भाऊरावांनी त्यावर खरोखर विचार केला. "तोंड बंद ठेवीन," ते म्हणाले. पुढचे बारा दिवस त्यांना एवढं एकच काम जमलं नाही.

घरात चौथं माणूस म्हणजे सून, इंदू. पांढुर्ण्याची, सातवी पास, आणि लहानपणापासून चष्मा. चष्म्यामुळे दोन घरांनी 'चार डोळ्यांची' म्हणून तिला परत पाठवलं होतं. भाऊराव मात्र म्हणाले की पहारेकऱ्याच्या घरात दोन डोळे जास्त आले तर वाईट काय आहे? तेव्हापासून रोज दुपारी ती त्यांना पेपर वाचून दाखवी, आणि ते प्रत्येक बातमीनंतर 'असं होनारच होतं' म्हणत. तिला आता आठवा महिना लागला होता. दिवाळीपासून तिला थोडं अंधूक दिसत होतं, पण ती बोलली नव्हती. नव्या नवरीनं पाय दुखला म्हणून सांगावं, डोळ्याचं सांगू नये; डोळ्याचं सांगितलं की लोकांना सोयरीक आठवते.

रविवारी सकाळी तिने तोंड धुवायला चष्मा काढून तुळशीच्या कट्ट्यावर ठेवला. ऊन पडलं होतं. भिंतीवर दोन गोल कवडसे नाचायला लागले. भाऊराव अंगणातून जात होते, ते थांबले. कवडशांकडे पाहिलं, चष्म्याकडे पाहिलं. दोन काचा. मोटारीलाही दोनच दिवे असतात.

इंदू पदराने तोंड पुसत आली तेव्हा चष्म्याच्या दोन्ही काचा वरून अर्ध्या काळ्या झाल्या होत्या. रेघ मात्र सरळ होती. भाऊरावांचा हात स्थिर होता.

"मामाजी, हे काय?"

"नियम," भाऊराव म्हणाले. "खालचा अर्धा खुला ठेवला ना. मोटरलेही तेवढाच ठेवते."

सासऱ्याशी वाद घालायची चाल नव्हती आणि भाऊरावांशी वाद घालून उपयोगही नव्हता. इंदूने चष्मा लावला. खालच्या अर्ध्यातून समोरचं पाहायचं तर हनुवटी वर करावी लागे. तशी ती मान मागे टाकून, पोट पुढे काढून, आभाळाला प्रश्न विचारल्यासारखी विहिरीवर गेली. विहिरीवरच्या बायांनी तिला वाट दिली आणि मागून म्हणाल्या की पेट से क्या हुई, महारानी की नाक ही आसमान में चली गई. इंदूने ऐकलं. खाली पाहून उत्तर द्यावं तर माणूस दिसेना, वर पाहून द्यावं तर आणखीच अकड दिसणार. ती घागर भरून आली. वाटेत दोनदा ठेचकाळली.

वाटाण्याची तोडणी सुरू होती. मुरलीधर घरी येई तो फक्त झोपायला. जेवताना हातात घास तसाच ठेवून त्याचा डोळा लागे. म्हणून तोडणी तिघांवरच होती. पहाटेच्या दवात पाय लाकडासारखे होत, आठ वाजता ऊन यायचं आणि मग पाठ बोलायला लागायची. इंदूला वाकवत नव्हतं. ती वाफ्यातच पोतं टाकून बसत असे आणि बसल्या जागेवरून सरकत सरकत तोडत असे. तिचा हात पूर्वी यंत्रासारखा चाले. भरलेली शेंग आणि कोवळी शेंग तिला दुरून कळत. आता ती प्रत्येक शेंग नाकाजवळ नेऊन पाहत होती, आणि तरी टोपलीत पोचट शेंगा पडत होत्या.

ते मंडईत कळलं. राधाबाईंच्या टोपलीतली शेंग व्यापाऱ्याने उचलून चारचौघांत फोडली, आत फुंकर घातली आणि विचारलं, "अम्मा, हवा बेच रही हो क्या?" आजूबाजूचे हसले. राधाबाई तीस वर्षं त्या मंडईत, आधी भाजी घ्यायला आणि मग विकायला, जात होत्या. त्यांना कोणी हसलं नव्हतं. त्या अर्धी टोपली तशीच डोक्यावर घेऊन परतल्या आणि घरी येऊन टोपली भाऊरावांच्या समोर ओतली.

"हे तुमच्या नियमाचं पीक," त्या म्हणाल्या.

भाऊरावांनी दाढीच्या पत्तीने काचांवरचा रंग खरवडला. रंग निघाला, पण काचेवर मांजरांच्या भांडणासारखे ओरखडे राहिले. इंदूने चष्मा लावून इकडे-तिकडे पाहिलं.

"दिसते?"

"धुकं हाय बाहेर," ती म्हणाली.

"डिसेंबरात राह्यतेच धुकं."

"बारा वाजता, मामाजी?"

भाऊरावांनी बाहेर पाहिलं. ऊन लखलखीत होतं. नियम असता तर त्यांनी ते ऊनही रंगवलं असतं. त्यांनी चष्मा धोतराला पुसला आणि परत दिला. धुकं ओरखड्यांचं आहे, आणि ओरखडे आपले आहेत, एवढं त्यांनी मनाशी धरलं. एकदा दोष आपला आहे असं धरलं, की माणूस दुसरीकडे शोधायला जात नाही. भाऊराव तर नाहीच.

गुरुवारी नर्सबाई आली. प्रमोदिनी तिचं नाव. दर गुरुवारी सायकलवरून येई आणि वस्तीतल्या पोटुशा बायांना तपासून जाई. राधाबाई तोडणीवर होत्या. नर्सबाईने इंदूचे पाय दाबून पाहिले, अंगठ्याचा खळगा पडून राहिला तो पाहिला, दंडाला पट्टा गुंडाळून रक्ताचा दाब घेतला आणि तो थोडा वर आहे म्हणाली. डोळ्यांचं तिला इंदूने नाही, भाऊरावांनीच सांगितलं. सदर बाजारातल्या दुकानात नवा चष्मा करून आणतो, गुन्हा माझा आहे, असं ते म्हणाले.

नर्सबाई हसली. चष्मा करू नका, ती म्हणाली. या दिवसांत बाईच्या अंगात पाणी धरतं, तसं डोळ्यातही धरतं, आणि नंबर सरकतो. आज केलेला चष्मा बाळंत झाल्यावर कामाचा राहायचा नाही. सहा आठवडे जाऊ द्या, डोळे आपोआप जागेवर येतात. बहुतेकींचे येतात.

भाऊरावांना हायसं वाटलं, इतकं की ते उपकाराची फेड म्हणून तिच्या सायकलचा दिवा रंगवायला बसले. नर्सबाई बाहेर आली, इंदूला ऐकू जाणार नाही अशा आवाजात त्यांच्या मागे उभी राहून बोलायला लागली. पोरीला घाबरवायचं नव्हतं, म्हणून ती यांना सांगत होती. भाऊराव 'हो हो' म्हणत होते. दिव्याची काच गोल होती आणि गोल काचेवर मधली रेघ सरळ येत नव्हती.

सोमवारी इंदूचं डोकं सकाळपासून दुखत होतं. राधाबाईंनी सुंठेचा लेप लावून दिला. इंदूचं तोंड दोन दिवसांत भरलं होतं, बांगड्या मनगटात रुतल्या होत्या, आणि राधाबाई त्याने खूश होत्या. सून घरात येऊन बाळसं धरते म्हणजे घर चांगलं, असा त्यांचा हिशेब. तोडणी चालू होती. दुपारी अडीच वाजता इंदू पोत्यावर बसल्या बसल्या थांबली आणि वर पाहायला लागली.

"मामाजी, आभाळात काही चमकून राहिलं."

भाऊरावांच्या हातातली टोपली खाली पडली. दहा दिवस झाले होते शिट्टी मिळून. दहा दिवसांत त्यांच्या हद्दीत काहीही घडलं नव्हतं. एकच गुन्हेगार सापडला होता, तोही शेजारच्या हद्दीचा वॉर्डन बंडू, रेल्वेतल्या खलाशाचा, म्हणजे मजुराचा, मुलगा. उघड्यावर बिडी ओढताना भाऊरावांनी त्याला धरून त्याचं चालान केलं होतं. आणि आता हे.

त्यांनी वही काढली. काय चमकते? चांदीचे तुकडे पडल्यासारखे. किती? लई. कोणत्या दिशेला? इंदूने पूर्वेला बोट केलं, मग पश्चिमेला, मग हात खाली ठेवला. जिकडे पाहीन तिकडे, ती म्हणाली, डोळे मिटले तरी दिसते. भाऊरावांनी हे शेवटचं लिहून त्याच्याखाली रेघ ओढली. मिटल्या डोळ्यांतून आत येतो म्हणजे उजेड केवढा जोराचा असला पाहिजे! त्यांना स्वतःला काही दिसत नव्हतं, पण त्यांच्याकडे चष्मा कुठे होता?

साक्षीदार, त्यांनी लिहिलं, सून.

त्यांनी शिट्टी फुंकली. बातमी वस्तीत पोचेपर्यंत चांदीच्या तुकड्यांच्या छत्र्या झाल्या होत्या आणि प्रत्येक छत्रीखाली बंदूकवाला लोंबत होता. चारजण लाठ्या घेऊन हरभऱ्यात शिरले. तिथे त्यांनी एका बुजगावण्याला हात वर करायला सांगितलं. त्याचे हात आधीच पसरलेले होते, म्हणून तो शरण आला असं धरून ते त्याला काढून घेऊन आले. या गर्दीत इंदू पोत्यावरच आडवी झाली. उन्हाने झालं असेल, राधाबाई म्हणाल्या, आणि तिला आत नेलं.

भाऊराव तोवर सायकलवर बसले होते. वॉर्डनांच्या खबरा ओमतीच्या पोलीस ठाण्यात लिहून घेत. ते धापा टाकत पोचले तेव्हा घामाने मिशीची काजळी ओघळून हनुवटीपर्यंत आली होती. मुन्शीने ती पाहिली, पण लढाईचे दिवस होते. त्याने रोज काय काय पाहिलं होतं. त्याने रजिस्टर उघडलं.

"किस दिशा में?"

"पूरब," भाऊराव म्हणाले. "और पच्छिम."

"एक साथ?"

"जिधर देखे, उधर."

"आपने खुद देखा?"

"मैंने नहीं. चष्मेवाली बहू ने." भाऊरावांनी वही पुढे केली आणि रेघ ओढलेल्या ओळीवर बोट ठेवलं. "आँख बंद करे तो भी दिखता है. इतना तेज है."

मुन्शीने ती ओळ वाचली. मग टाक दौतीत ठेवून दिला.

"दादा," तो म्हणाला, "जो चीज़ आँख बंद करके भी दिखे, वो आसमान में नहीं होती."

मुन्शीने रजिस्टर मिटलं.

"बहू पेट से है?"

"आठवाँ."

"सिर दुखता है?"

भाऊरावांची मान आपोआप हलली. त्यांना सायकलचा गोल दिवा दिसत होता आणि त्याच्यावर न येणारी सरळ रेघ. आणि मागे उभं राहून कोणी तरी बोलत होतं. चार दिवस ते बोलणं कानाच्या दारात बसून होतं, आत या म्हणून कोणी म्हटलंच नव्हतं. आता ते एकेक शब्द करून आत आलं. डोकं फार दुखलं तर. तोंड-हात सुजले तर. डोळ्यांपुढे काजवे दिसले तर. भाऊराव, त्याच घटकेला दवाखान्यात न्यायचं, पुढच्या गुरुवारची वाट पाहायची नाही, दाब चढून झटके येतात, बाई जाते, लेकरू जाते, ऐकून राहिले ना?

हो हो, ते म्हणाले होते.

वही टेबलावरून उचलायचं भान त्यांना राहिलं नव्हतं, ती मुन्शीनेच त्यांच्या खिशात कोंबली आणि म्हणाला, "जाओ दादा. लिखना बाद में हो जाएगा."

ते घरी पोचले तेव्हा दिवस कलला होता. त्यांनी राधाबाईंना काही सांगितलं नाही. गाडी जुंपायला लागले, आणि तीस वर्षांत प्रथम राधाबाईंनी काहून म्हणून विचारलं नाही. गाडीत कडबा टाकला, वर गोधडी. मुरलीधरला फॅक्टरीच्या फाटकावर निरोप द्यायला शेजाऱ्याला धाडलं. इंदू दार धरून बाहेर आली. भाऊराव तिच्यासमोर हातभर अंतरावर उभे होते.

"मामाजी कुठी हायेत?" तिने राधाबाईंना विचारलं.

भाऊरावांनी खाकरून दाखवलं. मग तिचा हात धरून गाडीच्या दांडीवर ठेवला, आणि पाय कुठे टाकायचा ते तिला सांगत राहिले, डावा, आता उजवा, इतक्या हळू आवाजात की तो आवाज त्यांच्याकडे होता हे घरात कोणाला माहीत नव्हतं.

निम्मी वाट उजेडात कटली. मग भोंगा वाजला, आणि शहर जिथे होतं तिथे काहीच राहिलं नाही. सगळे दिवे गेले. वॉर्डनांनी कामं चोख केली होती. रस्त्याच्या कडेने नवीन नाल्यासाठी पुरुषभर खोल चर खणून ठेवले होते. बैल दोन पावलं चालले आणि थांबले. भाऊरावांनी शेपट्या पिळल्या. बैल हलेनात. बैलांना अक्कल होती.

मागे इंदू कण्हली. डोकं फुटते आत्याबाई, ती म्हणाली, आन् पोटात वर दुखून राहिलं.

भाऊराव खाली उतरले. गाडीखाली टांगलेला कंदील काढला. त्यांनीच रंगवलेला, दोन हात दिले होते, रंग चांगला बसला होता. खिशातून पत्ती काढून ते अंधारात काच खरवडायला लागले. रंगाचे पापुद्रे बोटांत रुतत होते, एक बोट कापलंही. सगळी काच उघडी झाली तेव्हा त्यांनी काडी ओढली. सबंध जबलपुरात तेवढा एकच दिवा होता.

शंभर पावलांवर शिट्टी वाजली.

"कोन हाय रे तो? बत्ती बुझाव!"

"मी. भाऊराव."

"कोनता भाऊराव?" आवाज जवळ आला. त्याला दंडावर पांढरी पट्टी होती. "माही बिडी पकडली तो?"

"तोच."

बंडूने त्या दोन शब्दांची चव घेतली. असे प्रसंग माणसाच्या आयुष्यात रोज येत नाहीत. "बिडी केवढी होती, भाऊराव?"

"बोटभर."

"आन् हा कंदील?"

"बंडू, गाडीत सून हाय. आठवा हाय. तिले दिसत नाई."

बंडूने गाडीत डोकावून पाहिलं. कंदिलाच्या उजेडात राधाबाई बसल्या होत्या आणि त्यांच्या मांडीवर सुजलेल्या तोंडाची, उघड्या डोळ्यांची पोर होती. ती त्याच्याकडे पाहत होती आणि तो तिला दिसत नव्हता. त्याने डोकं बाहेर काढलं. थोडा वेळ तो आपल्याच शिट्टीशी चाळा करत राहिला.

"चालान तर होईन," तो शेवटी म्हणाला.

"कर."

"वही आनली नाई मी."

"माही घे." भाऊरावांनी वही दिली, पेन्सिलही दिली.

बंडूने वही उघडली, डोळ्यांजवळ नेली, दूर धरली. "दिसत नाई," तो म्हणाला. "चालान लिहाले उजेड पायजे. आना तो कंदील इकडे. तुम्ही गाडी हाना. मी पुढं चालता चालता लिहितो."

असा बंडू डाव्या हातात कंदील उंच धरून पुढे चालला. चर आला की कंदील तिकडे धरायचा, चर सरला की एक प्रश्न विचारायचा. नाव? बापाचं नाव? उमर? राहणार? पाच मिनिटांच्या चालानाला त्याने पावणेदोन कोस पुरवले. आजाचं नावही विचारलं. मिशीचा रंग विचारला आणि 'संशयास्पद' असं लिहिलं.

वाटेत दर हद्दीवर शिट्टी होई, अंधारातून कोणी तरी ओरडे की कौन है, बत्ती बंद करो. बंडू कंदील न हलवता उत्तर देई, "चालान चल रहा है, भैया." त्यावर शिट्टी गप्प होई. गुन्हा लिहून घेतला जात होता. मग त्यात आणखी कोणी काय करायचं? एका वळणावर तर वॉर्डनने अक्षर नीट यावं म्हणून वात थोडी मोठी करा असंही सुचवलं.

दवाखान्याचं फाटक दिसलं तेव्हा बंडू थांबला. "एकच राह्यलं," तो म्हणाला. "कारन."

भाऊरावांनी मागे पाहिलं. मग वाकून त्याच्या कानाशी काही सांगितलं. बंडूने लिहिलं आणि कंदील फुंकला.

बायकांच्या त्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईने दाब घेतला आणि एकदम तीन नर्सांना हाका मारल्या. सुया दिल्या, अंधाऱ्या शांत खोलीत निजवलं. बाहेर येऊन ती म्हणाली की तासाभरात झटके आले असते. कोणी ओळखलं हे, तिने विचारलं. राधाबाईंनी नवऱ्याकडे बोट केलं. भाऊराव खाली पाहून कापलेलं बोट दाबत होते. पोलिसांनी, ते म्हणाले, आणि डॉक्टरीणबाईला त्याचा अर्थ शेवटपर्यंत लागला नाही.

पहाटे मुरलीधर तेलकट कपड्यांत धावत आला आणि बाकावर बसल्याबरोबर झोपला. मंगळवारी दुपारी मुलगी झाली. साडेचार पौंडांची, पाय काडीसारखे, पण आवाज असा की मुरलीधर पाळीचा भोंगा समजून उठून उभा राहिला. दाब उतरला. काजवे गेले. धुकं मात्र तसंच होतं. येतील डोळे जागेवर, थोडं थांबा, डॉक्टरीणबाई म्हणाली.

गुरुवारी लढाई संपली. लोक रस्त्यावर पेढे वाटत होते. भाऊरावांकडून शिट्टी आणि पट्टी परत घेतली. वही कोणी मागितली नाही. त्यांनी मिशी धुतली. राधाबाईंनी घंगाळ राखेने घासायला काढलं आणि जानेवारीभर त्या रोज ते घासत होत्या, शक्यतो भाऊराव जेवायला बसले की.

सहा आठवडे भाऊराव थांबले. थांबणं हाच त्यांचा जन्माचा धंदा, पण असं थांबणं त्यांना माहीत नव्हतं. दोनदा ते सदरला गेले आणि चष्म्याच्या दुकानासमोर उभे राहून परत आले. नर्सबाईने नको म्हटलं होतं, आणि आता नर्सबाई बोलायला लागली की ते हातातलं काम खाली ठेवून, टोपी काढून ऐकत. इंदू पोरीला अंगावर घेऊन बसे, बोटांनी तिचं नाक, कान, भिवया चाचपून पाही. कोणासारखी हाय, असं विचारी. राधाबाई आपल्यासारखी सांगत. मुरलीधर आपल्यासारखी सांगे. भाऊराव काही सांगत नसत. मागे साक्षीदाराचं लिहून घेतलं तेवढं पुरे झालं होतं.

जानेवारीच्या शेवटच्या गुरुवारी नर्सबाईने बाळाला तोललं, दाब पाहिला आणि म्हणाली, लावून पाहा जुना चष्मा. इंदूने ओरखड्यांचा चष्मा डोळ्यांवर ठेवला आणि पदराची गाठ घट्ट धरली. भाऊराव समोर वाटाण्याच्या शेवटच्या तोडणीची टोपली घेऊन बसले होते. बारीक अक्षराचं काही वाचून दाखव, नर्सबाई म्हणाली. घरात त्या दिवशीचा पेपर आला नव्हता. राधाबाईंनी खुंटीवरच्या कोटातून वही काढून दिली.

इंदूने वही जवळ धरली. मग थोडी दूर. मग पूर्वी धरायची तिथे आणली.

"चार डिसेंबर," ती वाचायला लागली. "राधाबाईचे घंगाळ काळे केले. विरोध झाला."

"अजून हाय," राधाबाई म्हणाल्या.

"पाच डिसेंबर. सुनेचा चष्मा. विरोध नाही." तिने पान उलटलं. बंडूची बिडी आली. नर्सबाईच्या सायकलचा दिवा आला. मग तेरा तारीख. "आभाळात चमक. पूर्व आणि पश्चिम. डोळे मिटले तरी दिसते. साक्षीदार..." ती थांबली नाही, पण पुढचा शब्द हळू वाचला. त्यापुढचं पान दुसऱ्याच अक्षरात होतं. नाव, बापाचं नाव, आजाचं नाव. मिशी, संशयास्पद. "गुन्हा. उघडा कंदील, संपूर्ण जबलपूर. कारण..."

या वेळी ती थांबली. वाचायचं राहिलं होतं ते दोनच अक्षरांचं होतं. त्याला चष्माही लागला नसता. भाऊराव टोपलीत वाकून अशा काही तन्मयतेने शेंगा निवडत होते की भरलेल्या शेंगाही पोचटांत टाकत होते.

"दिसत नाई काय?" त्यांनी मान वर न करता विचारलं.

"दिसते ना," इंदू म्हणाली. "कारण, सून."

पोरीने तेवढ्यात गळा काढला. इंदूने वही मिटून तिला उचललं आणि चष्म्यातून तिच्याकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं. मग सासऱ्यांकडे पाहिलं.

"मामाजी," ती म्हणाली, "बंडूभैयाचं अक्षर तुमच्यापेक्षा चांगलं हाय. आन् त्या शेंगा भरलेल्या हायेत, फेकून काहून राहिले?"

भाऊरावांनी शेंगा उचलून परत टोपलीत टाकल्या आणि नर्सबाईला सांगितलं की डोळे जागेवर आले.